दोनशे चौदा नंबरचा हात

१

दोनशे चौदा नंबरचा हात कपाटातून गेला होता.

बाकीचे सगळे जागच्या जागी होते. पांढरे, मनगटापर्यंतचे, बोटं अर्धवट मिटलेली. प्रत्येकाने जणू न दिसणारा दांडा धरला आहे. दोनशे तेरा आणि दोनशे पंधरा यांच्यामध्ये फळीवरच्या धुळीत एक स्वच्छ वर्तुळ राहिलं होतं. मी त्या वर्तुळाकडे बघत उभा राहिलो, आणि नेहमीप्रमाणे पहिल्यांदा हेच मनात आलं की आपलंच काहीतरी चुकलं असणार.

तसं वाटायला कारण नव्हतं. मला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. लढाऊ विमानाच्या दांड्यावर जी मूठ असते, ती कोणत्या हाताला कशी बसेल याचे तक्ते करण्यात मी चौतीस वर्षं घालवली. त्या मुठीवर अकरा बटणं असतात. वैमानिकाने खाली न बघता आणि पकड न सोडता ती दाबायची असतात. म्हणून प्रत्येक नव्या वैमानिकाच्या उजव्या हाताचा प्लॅस्टरचा ठसा घ्यायचा, तो मोजायचा, आणि अंगठा कमी पडत असेल तर त्याला परत पाठवायचं, अशी पद्धत होती. ती मीच घालून दिली होती. लोक मला तक्तेमास्तर म्हणायचे. त्यात आदर किती आणि गंमत किती, हे मी कधी विचारलं नाही.

"सर, कपाटाची किल्ली माझ्याकडे असते," मोजणीबाई म्हणाली. ती माझ्या हाताखाली शिकली. आता विभागातली सगळी मोजमापं तीच घेते. मला फोन करून तिनेच बोलावलं होतं. "समिती पहिल्यांदा मलाच विचारणार."

"किल्ली ठेवतेस कुठे?"

"त्या खिळ्याला."

"मग ती तुझ्याकडे नाही. खिळ्याकडे असते."

ती हसली, पण डोळे पाण्याने भरले होते. तीन आठवड्यांपूर्वी एक विमान धुक्यात टेकडीच्या उतारावर आपटलं होतं. वैमानिक सव्वीस वर्षांचा. दोनशे चौदा नंबरचा हात त्याचा. चौकशी समितीला तो हात मुठीवर बसवून बघायचा होता, आणि मागणीचा कागद आला त्याच दिवशी तो नाहीसा झाला. आज शुक्रवार. सोमवारी अहवालावर सह्या होणार आणि जमिनीवर उभी असलेली सगळी विमानं पुन्हा उडणार.

दारातून विभागप्रमुख आत आले.

"या, तक्तेमास्तर! अजून बोटं मोजताय, की आता उरलेली वर्षं?"

मी नुसता हसलो. मला अशा वेळी उत्तर सुचतं ते घरी पोहोचल्यावर.

"एका प्लॅस्टरच्या तुकड्यासाठी एवढा कालवा कशाला?" ते म्हणाले. "माप नोंदवहीत आहे ना? अंगठा पासष्ट मिलिमीटर. सगळ्यांत लांबच्या बटणाला एकसष्ट पुरतात. चार मिलिमीटर शिल्लक. मूठ निर्दोष आहे. पोरगा घाबरला, बस."

मी नोंदवही उघडली. मोजणीबाईचे सुबक आकडे. अंगठा ६५. तळव्याची रुंदी ८८. अनामिकेच्या मधल्या सांध्याची रुंदी २३. त्या शेवटच्या आकड्यावर माझं बोट जरा थांबलं. का थांबलं ते त्या क्षणी मलाच कळलं नाही.

२

"घाबरला" हा शब्द कुठून आला ते मोजणीबाईने मला सांगितलं.

मुठीच्या वरच्या आतल्या कोपऱ्यात एक बटण असतं. धुक्यात आकाश कुठलं आणि जमीन कुठली हे कळेनासं झालं, की ते दाबायचं. विमान स्वतःहून सरळ होतं. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून ते मुद्दाम लांब ठेवलेलं. त्याच्या खालचं बटण बोलण्याचं. विमानातल्या यंत्राने नोंद ठेवली होती, की शेवटच्या अडीच सेकंदांत त्याने सावरायचं बटण दाबलंच नाही. बोलण्याचं दाबलं. आणि जमिनीवर ऐकू आला तो फक्त एक श्वास.

"समिती म्हणते, जीव वाचवायचा सोडून हाका मारायला गेला, आणि शब्दही फुटला नाही," ती म्हणाली. "त्याच्या आईला तो श्वास ऐकवलाय, सर. ओळख पटवायला."

मी नोंदवही मिटून उठलो.

प्लॅस्टरच्या खोलीत गेलो. मिस्त्री खिडकीपाशी बसून एका मुठीवर चामडं चढवत होता. हाताचे ठसे घेणं, लाकडातून मूठ कोरणं, तिला चामडं शिवणं, हे सगळं काम तीस वर्षं त्याच्याकडेच. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, एकाच भोकातून एक इकडून, एक तिकडून. त्याची बोटं आता आल्याच्या गाठींसारखी झाली होती, पण सुई चुकत नव्हती.

"बसा मास्तर. स्टुलावर प्लॅस्टर सांडलंय, झटकून बसा. नाहीतर घरी गेल्यावर वहिनी म्हणतील, हे काय, पुतळा झालात!"

"दोनशे चौदा कुठे गेला असेल?"

"प्लॅस्टरच ते. पडलं, फुटलं, कोणीतरी घाबरून केरात टाकलं. या खोलीत रोज पाटीभर निघतो केर."

"तुम्ही ओळखत होता त्याला?"

दोन्ही सुया थांबल्या. "येऊन बसायचा कधीकधी. तुम्ही बसलात तिथेच." मग तो पुन्हा शिवायला लागला. "बरा होता पोरगा."

बाहेर पडताना मी मागे वळून पाहिलं. मिस्त्री शिवत नव्हता. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता.

३

वैमानिकाची आई तिसऱ्या मजल्यावर राहायची. दिवसाउजेडी घरात दिवा लागलेला होता. मला अनोळखी घरात शिरायची भीती वाटते. मी जिन्यात दोन मिनिटं उभा राहिलो आणि शेवटी तिनेच दार उघडलं.

"मघापासून पावलं ऐकतेय. म्हटलं, आत येताय की परत जाताय?"

आत टेबलावर एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. मुलाच्या तळावरच्या खणातल्या वस्तू परत आल्या होत्या: घड्याळ, जास्तीची हातमोज्यांची जोडी, एक साधी अंगठी.

"हे मोजे मी पहिल्यांदाच बघतेय, हातही लावलेला नाही," ती म्हणाली. "अंगठी तेवढी काढून बघते. माझीच ती. त्याची बोटं माझ्यावर गेली होती, बाईसारखी निमुळती. कॉलेजात चिडवायचे त्याला. मग हा मुद्दाम माझी अंगठी घालून गेला. म्हणे, घ्या, आता काय चिडवायचं ते चिडवा. उडताना मात्र अंगठी घालायची परवानगी नाही. म्हणून राहिली."

माझ्या खिशात लहान मोजपट्टी असते, सवयीने. मी अंगठी आतून मोजली. सतरा मिलिमीटर. मग ओशाळलो आणि अंगठी खाली ठेवली.

"मला एकच सांगा," ती म्हणाली. "तुम्ही हातांचे जाणकार म्हणे. तो घाबरला होता का?"

"मला माहीत नाही."

"सगळे 'माहीत आहे' म्हणतात. तुम्ही पहिले." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "लहानपणी घाबरला की बोलत सुटायचा. गप्प नाही व्हायचा. तो श्वास मी ओळखला, त्याचाच होता. पण घाबरल्याचा नव्हता. सोमवारी ते लिहून टाकतील, आणि मग माझा मुलगा जन्मभर घाबरलेलाच राहणार. जन्म कुठला म्हणा आता."

मी अंगठी आणि एक मोजा दोन दिवसांसाठी मागितला. 

"न्या. पण परत आणा. आमच्याकडे आता वस्तूच राहिल्यात."

४

घरी आलो तेव्हा ही खिडकीत बसून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत होती. पंचेचाळीस वर्षांत मी तिला सांगितलेली प्रत्येक गोष्ट तिने निम्मी ऐकली आहे आणि दुप्पट समजली आहे.

"एवढं तोंड पाडून आलात, म्हणजे कोणाला तरी काहीतरी विचारायचं होतं आणि विचारलं नाहीत."

मी तिला सगळं सांगितलं आणि मोजा तिच्या पुढे ठेवला. "बघ जरा. तुला काही दिसतंय का."

तिने तो उलटा केला, अंगठ्यात बोट घातलं, खिडकीजवळ नेलं. "मोठा होत होता त्याला. अंगठ्याचं टोक आत घेऊन शिवलंय. करंगळीचंही. बाहेरून पत्ता लागू नये असं."

"आईने शिवलं असेल?"

"तिने तर हे मोजे आधी पाहिलेही नव्हते ना? आणि हे घरच्या बाईचं काम नव्हे. आपण एका सुईने शिवतो. हे बघा, प्रत्येक भोकात दोन दोरे, एक इकडून, एक तिकडून. दोऱ्याला मेण लावलंय. चामड्याचं काम करणाऱ्याचा टाका आहे हा."

मी खुर्चीवर बसलो. मोजे नोंदवहीतल्या मापावरून दिले जातात. माप खरं असेल तर मोजा मोठा व्हायला नको. आणि मिस्त्रीने तो गुपचूप लहान केला होता.

मग सकाळी बोट जिथे थांबलं होतं, तो आकडा आठवला. अनामिकेचा सांधा तेवीस मिलिमीटर. अंगठी आतून सतरा. तेवीसच्या सांध्यावरून सतराची अंगठी उतरत नाही. साबण लावा, तेल लावा, काही करा.

"म्हणजे वहीतला हात त्याचा नाहीच," मी म्हणालो.

"मग कोणाचा?"

 त्या वहीतला प्रत्येक आकडा मोजणीबाईच्या अक्षरात होता.

५

शनिवारी विभागात तिच्याशिवाय कोणी नव्हतं. मी वाक्य घरून पाठ करून गेलो होतो. ते विसरलो आणि अंगठी तशीच तिच्या वहीवर ठेवली.

तिने आकडा पाहिला, अंगठी पाहिली. तिला समजायला वेळ लागला नाही.

"तुम्हाला वाटतं, मी खोटं लिहिलं?"

"मला काहीच वाटत नाही. मी विचारतोय."

"सर, आयुष्यात मी एक मिलिमीटर खोटा लिहिला नाही. प्रत्येक माप दोनदा घेतलंय, तुम्ही शिकवलंत तसं. जिवंत हात मोजायचा नाही. तो घामेजतो, थरथरतो, माणूस बोटं ताणून धरतो. प्लॅस्टर निर्विकार असतं. प्लॅस्टर मोजायचं. तुमचंच वाक्य ना?"

माझंच होतं. पहिल्या पानावर छापलेलं.

"मग तू त्या मुलाचा हात कधी—"

"पाहिलाच नाही," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "कोणाचाच पाहत नाही. प्लॅस्टरच्या खोलीतून हात येतो, मनगटावर नंबर असतो, मी मोजते."

 माप खरं होतं. मोजणारी खरी होती. खोटा होता तो हात. पासष्टच्या अंगठ्याचा, तेवीसच्या सांध्याचा कोणाचा तरी हात दोनशे चौदा हा नंबर घेऊन तिच्या टेबलावर आला होता.

आणि सव्वीस वर्षांच्या मुलाचे सांधे तेवीस होत नाहीत. शंभरावर हात मोजले आहेत मी. सांधे जाड होतात ते वयाने आणि हत्याराने.

"गेल्या पाच वर्षांतला अनामिकेचा रकाना वाच," मी म्हणालो.

ती वाचत गेली. वीस, एकोणीस, वीस, एकवीस. मी डोळे मिटून ऐकत होतो. माझं सगळं आयुष्य या सुरात गेलं आहे. मग तिचा आवाज अडखळला.

"तेवीस. एकशे अठ्ठ्याऐंशी नंबर. अंगठा पासष्ट. तळवा अठ्ठ्याऐंशी."

"पुढे."

"दोनशे तीन. तेवीस, पासष्ट, अठ्ठ्याऐंशी." तिने पानं भराभर उलटली. "दोनशे एकतीस. सर, एकच हात आहे. चार जणांचा एकच हात!"

"हे बाकीचे तिघे कुठे आहेत?"

"सोमवारच्या यादीत आहेत," ती म्हणाली. "पहिल्या तुकडीत."

६

ज्याने दोनशे चौदा नेला, त्याने एवढाच विचार केला होता की समितीने तोच मागितला आहे. त्याची तीन भावंडं फळीवर तशीच उभी होती. ती काढली असती, तर त्या तिघांकडे बोट गेलं असतं. मी दोनशे तीन नंबरचा हात रुमालात गुंडाळला आणि प्लॅस्टरच्या खोलीत गेलो.

मिस्त्री शनिवारीही आला होता. पण काम काढलेलं नव्हतं.

मी प्लॅस्टरचा हात टेबलावर ठेवला. आता बोलायला हवं होतं. मला खोकला आला.

"मिस्त्री, तुमचा उजवा हात जरा याच्या शेजारी ठेवता?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. हळूच हात उचलला आणि शेजारी ठेवला. बोटं मिटली, दांडा धरल्यासारखी. मोजायची गरज नव्हती. एक पांढरा, एक सावळा. त्याच गाठी, तीच वळणं. फक्त जिवंत हातावर पटाशीचा एक जुना व्रण होता आणि प्लॅस्टरवर तिथे गुळगुळीत होतं.

"व्रण बुजवलात," मी म्हणालो. "नखंही नीट केलीत. सांधे का नाही घासले?"

"सांध्याला कानस लावली की हात मेलेला दिसतो, मास्तर." तो जरासा हसला. "तेवढं नाही जमलं."

"का केलंत?"

"पोरं रडायची हो इथे बसून. सहा सहा वर्षं शिकलेली, सगळ्या परीक्षा पास झालेली, आणि शेवटी माझ्या खोलीत येऊन सात मिलिमीटरने नापास. विभागप्रमुख साहेबांना मी दोनदा म्हटलं, मला सांगा, मी लहान मूठ कोरून देतो, आठवड्याचं काम. म्हणाले, एक विमान, एक मूठ. मग वाटलं, कागदावरचा तर नियम आहे. पोहोचेल की जरा ताणलं तर. सरावाच्या कॉकपिटमध्ये चौघांचेही पोहोचले."

"तिथे हाताला वजन येत नाही."

"आता कळतंय."

वेगातल्या वळणावर माणसाचा हात पाचपट जड होतो. पकड सैल करून मुठीवर हात जरा वर सरकवणं खोलीत बसून जमतं. तिथे नाही जमत. हे सगळं माझ्याच एका तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. लहान मूठ करावी असं टिपणही मी एकदा लिहिलं होतं. साहेबांनी त्यावर "बघू" लिहिलं, आणि मी पुन्हा विचारलं नाही. वीस वर्षं झाली त्याला.

"त्याचा खरा ठसा घेतलाच नव्हतात?" मी विचारलं.

मिस्त्रीने टेबलाचा खालचा खण ओढला. आत चिंध्यांत गुंडाळलेले चार हात होते. लहान, निमुळते.

"माझा होता तो फोडला मी गुरुवारी. हे नाही फोडता आले."

त्याने एक उचलला आणि भिंतीला बसवलेल्या नमुन्याच्या मुठीवर अलगद चढवला. बोटं बरोब्बर दांड्याभोवती गेली, जणू घरी परत आली. अंगठा वरच्या कोपऱ्याकडे निघालेला होता आणि मध्येच थांबला होता. त्याच्या टोकापासून सावरायचं बटण सात मिलिमीटर लांब होतं. टोकाखाली बोलण्याचं बटण होतं, पूर्ण दाबलेलं.

मी पाहत राहिलो. तो मुलगा बोलत नव्हता. कोणाला हाका मारत नव्हता. अडीच सेकंद तो वरच्या बटणाकडे जात होता.

"बाकीच्या तिघांना मी शब्द दिलाय, मास्तर," मिस्त्री म्हणाला. "सांगितलंत तर त्यांचं उडणं संपलं. माझं सोडा, मी म्हातारा माणूस. त्या पोरांची आयुष्यं आहेत."

"म्हणूनच," मी म्हणालो.

७

साहेबांच्या घरी मी आणि मोजणीबाई दुपारीच गेलो. त्यांनी सगळं ऐकलं. ते मूर्ख नाहीत. त्यांचा चेहरा एकदाच उतरला आणि लगेच सावरला.

"मग तर प्रश्नच मिटला. पोरगा घाबरला नाही, फसवून आत शिरला. असं लिहू. मूठ निर्दोषच राहते."

हे मी जिन्यावरच ओळखलं होतं. त्याने फसवलं होतंच. मी त्याच्या आईला एक शब्द पुसून दुसरा आणून देणार होतो.

"लिहा," मी म्हणालो. "पण क्रमाने लिहा. पहिलं नाव माझं. जिवंत हात मोजू नये हा नियम माझा. तो नसता, तर ही फसवणूक पहिल्याच दिवशी पकडली असती. लहान मुठीचं टिपण माझं; त्याची नक्कल मी जोडतो. त्यावर 'बघू' कोणी लिहिलं तेही त्यावर आहे. मग मिस्त्री. मग तो मुलगा, सगळ्यांत शेवटी. आणि त्या तिघांना आज संध्याकाळच्या आत सोमवारच्या यादीतून काढा. तुम्ही फोन करत नसाल तर मी समितीला करतो."

 उत्तर पहिल्यांदाच घरी पोहोचण्यापूर्वी सुचलं होतं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही एवढं बोलता, हे माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं."

त्यांनी फोन उचलला.

त्या तिघांपैकी एकाने त्याच संध्याकाळी मला फोन करून विचारलं, की तुमचं मी काय वाकडं केलं होतं. मी ऐकून घेतलं. दुसरा काहीच बोलला नाही. तिसरा अजूनही माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं बरोबर असेल.

रविवारी मी अंगठी आणि मोजा वैमानिकाच्या आईला परत द्यायला गेलो. मिस्त्री बरोबर आला, पण खाली रस्त्यावरच थांबला. म्हणाला, तुम्ही व्हा पुढे. मी वर गेलो तेव्हा माझ्या पिशवीत नमुन्याची एक लाकडी मूठ होती.

तिला सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. फसवलं हेही नाही, माझा नियमही नाही.  शेवटी तिने मूठ हातात घेतली. बोटं दांड्याभोवती गेली.

"अंगठा कुठे न्यायचा?"

"वरच्या कोपऱ्यात. पकड सोडायची नाही."

तिचा अंगठा निघाला आणि बोलण्याच्या बटणावर येऊन थांबला. तिने ओठ घट्ट मिटले, मनगट ताणलं, आणखी ताणलं. शीर वर आली. आणि मग आपोआप, नाकातून, एक आखूड श्वास सुटला.

ती दचकली. मी तो आवाज पूर्वी ऐकलेला नव्हता, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"हाच," ती म्हणाली. "हाच तो."

मूठ तिने मांडीवर ठेवली. बाहेर आभाळ इतकं खाली आलं होतं, की समोरच्या इमारतीचे वरचे मजले दिसत नव्हते.

"खाली मघापासून कोण उभं आहे?" तिने थोड्या वेळाने विचारलं. "खिडकीतून दिसलं."

"मिस्त्री. मोजा त्यानेच शिवला होता."

तिने मोजा उचलला, उलटा केला आणि अंगठ्याच्या टोकाशी आतून बोट फिरवलं. एकदा नखाने दोरा ओढूनही पाहिला. मला वाटलं, ती वर बोलावेल, किंवा काहीतरी फेकून मारायला उठेल. तिने यातलं काहीच केलं नाही.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "टाका घट्ट आहे. अजून सुटलेला नाही."

मी बाहेर पडलो, आणि तिने दार लावून घेतलं.

मी खाली जाऊन जसंच्या तसं सांगितलं. मिस्त्रीने दोन्ही हात खिशात घातले, आणि आम्ही चालायला लागलो.